कंपनीच्या सर्व्हरवर वेब ॲप बसवताना: आतून बाहेर, थर तपासत

वेब ॲप बसवण्याच्या बहुतेक सूचना ओळीने कमांड द्यायला सांगतात आणि शेवटी ब्राउझर उघडायला लावतात. पान दिसलं तर प्रश्नच नाही. नाही दिसलं तर मात्र माणूस अडकून पडतो, कारण ब्राउझर आणि डेटाबेस यांच्यामध्ये पाच-सहा गोष्टी उभ्या असतात आणि त्यांतलं नेमकं कोण रुसलंय हे त्या एररच्या पानावरून कळत नाही.

मी कंपनीचे सर्व्हर सांभाळते आणि या कामात नव्याने येणाऱ्यांना एकच क्रम शिकवते. आधी डेटाबेस, मग ॲप, मग त्याची सर्व्हिस (ॲप मागे सतत चालू ठेवणारी व्यवस्था), त्यानंतर एनजिनएक्स (बाहेरची विनंती घेऊन ॲपकडे देणारा वेब सर्व्हर), मग एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट, आणि बाहेरच्यांसाठी पोर्ट, म्हणजे आत यायचे क्रमांकित दरवाजे, सगळ्यांत शेवटी. प्रत्येक थर बसला की तिथेच थांबायचं आणि तो त्याच्या पुढच्या थराशिवाय एकटा चालतो का ते पाहायचं. चालला तरच पुढे. यात वेळ जातो असं वाटतं, पण गेलेला वेळ पुढे भरून निघतो. काही बिघडलंच तर बिघाड आत्ता बसवलेल्या थरातच असणार हे माहीत असतं.

उदाहरणासाठी एक ॲप डोळ्यांसमोर ठेवू. यंत्रांच्या देखभालीच्या नोंदी ठेवणारं, जँगोमध्ये (पायथन भाषेतल्या वेब फ्रेमवर्कमध्ये) लिहिलेलं. लोक मोबाइलवरून बिघडलेल्या यंत्राचा फोटो टाकतात, तंत्रज्ञ काम झाल्यावर नोंद बंद करतात, महिनाअखेरीस व्यवस्थापक अहवाल काढतात. सर्व्हर उबुंटू २४.०४ एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी लिनक्स आवृत्ती. त्यात पायथन ३.१२ आणि पोस्टग्रेस १६ (डेटाबेस) आयतेच मिळतात. जँगो ५.२ घ्यावं, कारण तीही एलटीएस आवृत्ती आहे आणि तिला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. तुमचं ॲप दुसऱ्या भाषेतलं असेल तर नावं बदलतील, थर हेच राहतील.

कामाला हात घालण्याआधी

पहिलं काम कीबोर्डवरचं नाही. ॲप कोण वापरणार, फक्त ऑफिसच्या नेटवर्कमधून की बाहेरूनही, लॉगिन कंपनीच्या एलडॅपवरून (सगळ्यांच्या खात्यांच्या सामायिक यादीवरून) की ॲपचं स्वतःचं, आणि सर्व्हरचं नाव काय असणार, हे लिहून घ्या. डीएनएसमधली (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यादीतली) नोंद आणि सर्टिफिकेट ही बहुतेक कंपन्यांत दुसऱ्याच टीमच्या हातात असतात. त्यांची विनंती आजच टाका, म्हणजे तुमचं ॲप तयार होईपर्यंत त्याही गोष्टी तयार असतील.

दुसरं, एक टेक्स्ट फाइल उघडा आणि दिलेली प्रत्येक कमांड, बदललेली प्रत्येक ओळ त्याच क्षणी तिथे चिकटवा. संध्याकाळी आठवून लिहू असं म्हणू नका. आठवून लिहिलेल्या नोंदीत नेमकी ती एक परवानगी राहून जाते जिच्यामुळे सगळं चाललं होतं. या फाइलचं काम शेवटी पडणार आहे.

सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर ठेवा आणि वेळ आपोआप जुळवणारी सेवा चालू आहे ना ते पाहा. स्थानिक वेळ दाखवणं हे ॲपचं काम आहे. लॉगमधल्या वेळा एकाच घड्याळावर असल्या की दोन सर्व्हरच्या नोंदी शेजारी ठेवून वाचता येतात.

फायरवॉल सुरुवातीलाच चालू करायची, पण आत यायला फक्त एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करायचा मार्ग. उबुंटूची फायरवॉल यूएफडब्ल्यू वापरत असाल तर आधी एसएसएचला परवानगी द्या आणि मगच ती चालू करा. उलट क्रम झाला तर पुढच्या वेळी सर्व्हरवर शिरताच येणार नाही. एसएसएच किंवा फायरवॉलला हात लावताना दुसऱ्या खिडकीत एक लॉगिन उघडं ठेवायचं आणि नवीन लॉगिन जमतंय हे पाहिल्याशिवाय ते बंद करायचं नाही. दूरच्या यंत्रावर काम करणाऱ्याने ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

ॲपसाठी वेगळा यूजर बनवा, ज्याला लॉगिन शेल नाही, म्हणजे त्या नावाने कुणी लॉगिन करू शकत नाही. कोड ऑप्ट फोल्डरखाली ठेवा, स्वतःच्या होम फोल्डरमध्ये नको. उबुंटू २१.०४ पासून नव्या होम फोल्डरची परवानगी ७५० असते, म्हणजे इतरांना आत डोकावताही येत नाही. मग एनजिनएक्सला तुमच्या सीएसएस फाइल्स वाचता येत नाहीत आणि पान उघडं-बोडकं दिसतं. लोक यावर ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं करू देणाऱ्या परवानगीचा उतारा देतात. तो कधीही देऊ नका.

आणि कोडची मालकी ॲपच्या यूजरकडे देऊ नका. कोड रूटच्या (सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या) मालकीचा, ॲपच्या यूजरला फक्त वाचायचा अधिकार, आणि लिहायचा अधिकार एकाच फोल्डरवर, जिथे फोटो साठतात. उद्या ॲपमध्ये एखादी फट सापडली आणि कुणी तिचा फायदा घेतला, तरी त्याला कोड बदलता येणार नाही. एवढ्याशा कामाने एवढं संरक्षण दुसऱ्या कशातून मिळत नाही.

डेटाबेस

पोस्टग्रेस बसवणं एका कमांडचं काम. जुन्या सूचनांमधलं जे आता चालत नाही ते नीट समजून घ्या. पोस्टग्रेस १५ पासून साध्या यूजरला पब्लिक स्कीमात (टेबलं ठेवायच्या मूळ कप्प्यात) टेबल बनवता येत नाही. डेटाबेस बनवला, यूजर बनवला, 'ग्रँट ऑल'ही दिलं, तरी जँगोचं मायग्रेशन (टेबलं बनवणारी कमांड) 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक' म्हणत थांबतं. उपाय सरळ आहे: डेटाबेस बनवतानाच त्याची मालकी ॲपच्या यूजरकडे द्या. डेटाबेसचा मालक त्यातल्या पब्लिक स्कीमाचाही मालक धरला जातो, त्यामुळे वेगळ्या परवानग्या देत बसावं लागत नाही.

पासवर्डचं काय? डेटाबेस आणि ॲप एकाच सर्व्हरवर असतील तर माझं मत स्पष्ट आहे, पासवर्ड ठेवूच नका. उबुंटूवर पोस्टग्रेसच्या स्थानिक सॉकेटवर (एकाच यंत्रातल्या प्रोग्रॅमना जोडणाऱ्या मार्गावर) 'पीअर' पद्धत असते. लिनक्सवरचा यूजर आणि डेटाबेसमधला यूजर यांचं नाव एकच असलं की पोस्टग्रेस त्याला ओळखून आत घेतो. जँगोच्या सेटिंगमध्ये होस्ट रिकामा ठेवला की तो सॉकेटवरून जातो. जो पासवर्ड अस्तित्वातच नाही तो फुटतही नाही आणि बदलावाही लागत नाही. याच कारणामुळे, लिनक्सच्या दुसऱ्या नावाने शिरायला गेलात तर 'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड' येईल. तिथे पासवर्ड तपासत बसू नका, आपण कोणत्या यूजरने कमांड दिली ते पाहा. डेटाबेस वेगळ्या यंत्रावर असेल तर मात्र पासवर्ड हवाच, आणि तिथलं ५४३२ पोर्ट फक्त ॲपच्या सर्व्हरला उघडं असावं.

एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, एकदा डोळ्यांनी पाहून घ्या. अगदी सुट्या, लोकेल (भाषेची सेटिंग) न ठरवलेल्या सर्व्हर इमेजवर पोस्टग्रेस कधी कधी 'एसक्यूएल आस्की' एन्कोडिंगने बसतो. इंग्रजी नोंदींना काही होत नाही, त्यामुळे चाचणीत कुणाच्या लक्षात येत नाही. देवनागरीतल्या नोंदी आल्यावर मात्र शोध, अक्षरसंख्या, क्रमवारी सगळंच बिनसतं. 'शो सर्व्हर एन्कोडिंग' विचारलं की 'यूटीएफ ८' हे उत्तर यायला हवं. नसेल तर आत्ताच डेटाबेस पुन्हा बनवा, आत काही नाही तोवर ते दोन मिनिटांचं काम आहे.

या थराची परीक्षा: ॲपच्या यूजरच्या नावाने पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसच्या कमांड खिडकीत) शिरा, एक टेबल बनवा, त्यात एक मराठी वाक्य घाला, वाचा, टेबल पुसा. हे सगळं विनातक्रार झालं तर डेटाबेस तयार.

ॲप

पायथनची पॅकेजेस थेट सिस्टिममध्ये टाकायला गेलात तर उबुंटू आता सरळ नकार देतो, 'एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट' म्हणून. तो नकार मोडून काढायचा पर्याय पिपमध्ये (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या कमांडमध्ये) आहे आणि एररच्या मजकुरात तो लिहिलेलाही असतो, पण वापरू नका. उबुंटूची स्वतःची अवजारं त्याच पायथनवर चालतात. व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे ॲपपुरता वेगळा पायथन, बनवा आणि त्यातच सगळं बसवा. पॅकेजच्या यादीत प्रत्येकाची आवृत्ती दोन बरोबर-चिन्हांनी पक्की केलेली असावी. तशी नसेल तर यादी डेव्हलपरकडे परत पाठवा, आज चाललेलं ॲप पुढच्या बसवणुकीत वेगळ्या आवृत्त्या ओढून घेईल.

सिक्रेट की (जँगोची गुप्त किल्ली), ईमेलचा पासवर्ड, डीबग (चुकांचा तपशील दाखवायची सोय) चालू की बंद, या गोष्टी कोडमध्ये नकोत. इटीसी फोल्डरखाली एक एन्व्हायर्न्मेंट फाइल बनवा. मालक रूट, ग्रुप ॲपचा, परवानगी ६४०, म्हणजे ग्रुपला फक्त वाचता येतं आणि इतरांना काहीच नाही.

डीबग बंद. यावर चर्चा नाही. डीबग चालू असताना एरर आली की जँगो सेटिंग्ज, कोडच्या ओळी, चलांच्या किमती असं सगळं पानावर मांडतो. डेव्हलपरला ते वरदान आहे आणि परक्या माणसालाही. पण डीबग बंद केल्याबरोबर तीन गोष्टी बदलतात आणि त्या आधी माहीत नसतील तर ॲपच मोडलंय असं वाटतं.

पहिली, जँगो स्टॅटिक फाइल्स (सीएसएस, चित्रं वगैरे) देणं थांबवतो. त्या 'कलेक्टस्टॅटिक'ने एका जागी गोळा करून एनजिनएक्सकडे द्यायच्या असतात. डेव्हलपरने फाइलनावांना हॅश (मजकुरावरून काढलेला कोड) जोडणारं स्टोरेज वापरलं असेल आणि तुम्ही ही कमांड विसरलात, तर पानावर थेट ५०० (सर्व्हरच्या आतली चूक) एरर येते.

दुसरी, अलाउड होस्ट्सची, म्हणजे ॲपला चालणाऱ्या नावांची यादी तपासली जाते. यादीत नसलेल्या नावाने विनंती आली तर ४००, म्हणजे अमान्य विनंती. लोक इथे एक तारांकित चिन्ह टाकून मोकळे होतात. तसं करू नका, ॲपची खरी नावं लिहा. पासवर्ड बदलायच्या ईमेलमधला दुवा याच नावावरून बनतो, त्यामुळे कुठलंही नाव चालू दिलं तर तो दुवा भलत्याच साइटकडे वळवता येतो.

तिसरी गोष्ट सर्वांत त्रासदायक. जँगोच्या मूळ लॉगिंग सेटिंगमध्ये कन्सोलवर लिहिणारा हँडलर फक्त डीबग चालू असतानाच काम करतो. डीबग बंद झाला की ५०० एररचा तपशील ॲडमिन्सच्या यादीतल्या पत्त्यावर ईमेलने जातो. ती यादी रिकामी असेल तर कुठेच जात नाही. वापरणाऱ्याला ५०० दिसतंय आणि लॉगमध्ये चकार शब्द नाही, अशी अवस्था होते. म्हणून लॉगिंगची सेटिंग स्वतः लिहा आणि एरर कन्सोलवर पाठवा, तिथून सिस्टिमडीचं (लिनक्सवर सर्व्हिसेस चालवणाऱ्या व्यवस्थेचं) जर्नल त्या उचलून घेतं.

मायग्रेशन चालवा. मग जँगोची 'चेक' कमांड 'डिप्लॉय' पर्यायासह चालवा. कुकी सुरक्षित आहे का, सिक्रेट की पुरेशी लांब आहे का, डीबग राहून गेलाय का, हे ती स्वतः सांगते. तिची प्रत्येक सूचना वाचा. एचएसटीएसची (ब्राउझरला फक्त एचटीटीपीएसच वापरायला लावणाऱ्या सेटिंगची) सूचना तेवढी सर्टिफिकेट बसेपर्यंत बाजूला ठेवा.

या थराची परीक्षा: गुनिकॉर्न (जँगो ॲप चालवणारा प्रोग्रॅम) हाताने चालवा, १२७.०.०.१ च्या, म्हणजे त्याच यंत्राच्या आतल्या पत्त्याच्या, ८००० पोर्टवर, आणि त्याच सर्व्हरवरून कर्लने (कमांडवरून वेबपान मागवणाऱ्या साधनाने) लॉगिनचं पान मागवा. होस्ट हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या साइटच्या नावात) ॲपचं खरं नाव द्या. ४०० आलं तर ॲप जिवंत आहे, फक्त अलाउड होस्ट्स चुकलंय. ३०१ येऊन एचटीटीपीएसकडे पाठवत असेल तर सुरक्षित जोडणीची सक्ती आधीच चालू आहे. प्रॉक्सीचं (ॲपच्या पुढे बसणाऱ्या एनजिनएक्सचं) हेडर ओळखायची सेटिंग असेल तर कर्लमध्ये 'एक्स फॉरवर्डेड प्रोटो' हेडर एचटीटीपीएस म्हणून द्या आणि पुन्हा पाहा. २०० (सगळं ठीक) आणि लॉगिन फॉर्मचा एचटीएमएल आला की पुढे.

सर्व्हिस

हाताने चालवलेलं ॲप तुमचं टर्मिनल बंद झालं की बंद होतं. त्याला सिस्टिमडीच्या हवाली करायचं. युनिट फाइलमध्ये यूजर, कामाचं फोल्डर, एन्व्हायर्न्मेंट फाइल, आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमधल्या गुनिकॉर्नचा पूर्ण पाथ. रीस्टार्टची ओळ 'ऑन फेल्युअर' ठेवा आणि पोस्टग्रेसनंतर सुरू व्हायला सांगा. फाइल बदलली की 'डीमन रीलोड' द्यायला विसरू नका, नाहीतर सिस्टिमडी जुनीच फाइल धरून बसतो.

एन्व्हायर्न्मेंट फाइल ही शेल स्क्रिप्ट नाही. तिथे ओळीच्या सुरुवातीला 'एक्सपोर्ट' लिहिलं तर सिस्टिमडी ती ओळ अवैध समजून सोडून देतो. डॉलर चिन्ह वापरून दुसऱ्या चलाची किंमत घालायला गेलात तर तेही उलगडत नाही. शिवाय ही फाइल फक्त सर्व्हिसला मिळते. तुम्ही नंतर हाताने मायग्रेशन चालवाल तेव्हा त्या कमांडला यातलं काहीच ठाऊक नसतं, आणि ती डेव्हलपरच्या मूळ सेटिंगवर चालायचा धोका असतो. म्हणून मी दोन ओळींची छोटी स्क्रिप्ट करून ठेवते: एन्व्हायर्न्मेंट फाइल वाचायची आणि ॲपच्या यूजरच्या नावाने जँगोची कमांड द्यायची. टीममधल्या कुणीही तेवढीच वापरायची.

वर्कर, म्हणजे विनंत्या हाताळणाऱ्या प्रक्रिया, किती? ठरवून दिलं नाही तर गुनिकॉर्न एकच वर्कर चालवतो, म्हणजे एकाचा अहवाल निघेपर्यंत बाकीचे ताटकळत. गुनिकॉर्नचे लेखक सुरुवातीला प्रोसेसर कोअरच्या दुप्पट अधिक एक असा आकडा सुचवतात. चार कोअर असतील तर नऊ. पण प्रत्येक वर्कर ॲपची स्वतंत्र प्रत मेमरीत धरतो, तेव्हा नऊ चालवून मेमरी पाहा आणि कमी पडली तर आकडा उतरवा.

गुनिकॉर्नची मूळ वेळमर्यादा ३० सेकंद. महिनाअखेरीचा अहवाल त्याहून जास्त वेळ घेणार असेल तर वर्कर मारला जातो आणि जर्नलमध्ये 'वर्कर टाइमआउट' दिसतं. वेळमर्यादा पाच मिनिटांवर नेणं हा सोपा मार्ग आहे, पण मी तो घेत नाही. पाच व्यवस्थापकांनी एकाच वेळी अहवाल मागितला तर पाच वर्कर अडकून पडतात. असलं काम सेलरीसारख्या, म्हणजे कामं मागे एकेक करून उरकणाऱ्या साधनाच्या, रांगेत टाकायला डेव्हलपरला सांगा.

'स्टार्ट' आणि 'एनेबल' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'स्टार्ट' आत्तापुरतं, 'एनेबल' दर बूटला. दोन्ही द्या. मग कर्लची तीच परीक्षा पुन्हा घ्या, आणि गुनिकॉर्नची मुख्य प्रक्रिया 'किल नऊ'ने मारून पाहा. काही क्षणांत ती परत उभी राहिली पाहिजे.

एनजिनएक्स

इथे कॉन्फिगरेशन छोटं असतं आणि बारकावे पुष्कळ. मूळची 'डिफॉल्ट' साइट काढून टाका. तुमच्या सर्व्हर ब्लॉकमध्ये ॲपचं नाव, स्टॅटिक फाइल्सचा पाथ, आणि बाकी सगळं ८००० पोर्टकडे. सोबत तीन हेडर: होस्ट, एक्स फॉरवर्डेड फॉर, एक्स फॉरवर्डेड प्रोटो. होस्ट दिला नाही तर जँगोला १२७.०.०.१ हेच नाव दिसतं आणि ४०० येतं. प्रोटो दिला नाही तर जँगोला वाटतं लोक साध्या एचटीटीपीवर आहेत, तो एचटीटीपीएसकडे पाठवतो, एनजिनएक्स परत त्याच्याकडेच देतो, आणि ब्राउझर 'टू मेनी रीडायरेक्ट्स' म्हणून हात टेकतो.

फोटोंसाठी 'क्लायंट मॅक्स बॉडी साइज' वाढवायलाच हवी. तिची मूळ मर्यादा १ एमबी आहे आणि आजच्या मोबाइलचा फोटो त्याहून सहज मोठा असतो. लॅपटॉपवरून छोटं चित्र टाकून चाचणी केली की सगळं ठीक दिसतं, तंत्रज्ञाने यंत्राजवळ उभं राहून फोटो काढला की ४१३, म्हणजे फाइल फार मोठी. ॲपमध्ये कितीचा फोटो चालतो ते विचारून त्याच्या थोडं वर ठेवा.

स्टॅटिक फाइल्सना ४०३ (परवानगी नाही) येत असेल तर फाइलची परवानगी बघून थांबू नका. वरपासून खालपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरवर 'आत जाण्याचा' अधिकार लागतो. 'नेमआय' कमांड 'एल' पर्यायासह दिली की पाथमधल्या प्रत्येक पायरीची परवानगी एकाखाली एक दिसते. ४०४ (फाइल सापडली नाही) येत असेल तर 'लोकेशन' आणि 'एलियस' या दोन्ही ओळींच्या शेवटचा स्लॅश जुळतोय का ते बघा.

५०२ म्हणजे एनजिनएक्सला मागे कुणी भेटलं नाही किंवा भेटलेल्याने मध्येच जोडणी तोडली. सर्व्हिस चालू आहे का, पोर्ट तेच आहे का, ते पाहा. ५०४ म्हणजे मागे ॲप आहे पण ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही, आणि एनजिनएक्सची ती मर्यादा मुळात ६० सेकंद असते. रेड हॅटच्या कुळातल्या सर्व्हरवर काम करत असाल तर ५०२ चं आणखी एक कारण असतं. सगळं बरोबर असूनही एसईलिनक्स (तिथली जादा सुरक्षा व्यवस्था) एनजिनएक्सला दुसऱ्या पोर्टशी बोलू देत नाही आणि एरर लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड' येतं. तिथे 'एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट' हे बूलियन (चालू-बंद सेटिंग) कायमचं चालू करा. एसईलिनक्सच बंद करून टाकायचा सल्ला पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो, पण तो घेऊ नका. एका दरवाजाची किल्ली हवी म्हणून सगळ्या घराची कुलपं काढत नाहीत.

प्रत्येक बदलानंतर एनजिनएक्सची 'टी' पर्यायाची चाचणी आणि मगच 'रीलोड'. 'रीलोड'मध्ये चालू विनंत्या तुटत नाहीत.

सर्टिफिकेट

ॲप फक्त कंपनीच्या आत असलं तरी एचटीटीपीएस हवंच, कारण लॉगिनचे पासवर्ड त्याच तारेवरून जातात. लेट्स एन्क्रिप्टची (फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची) नेहमीची सर्टिफिकेटं ९० दिवसांची असतात. सर्व्हर बाहेरून ८० पोर्टवर दिसणार असेल तर सर्टबॉट हा प्रोग्रॅम ती स्वतः मिळवतो, मात्र त्यासाठी तेवढं ८० पोर्ट आत्ताच उघडावं लागतं. सर्व्हर आतल्या नेटवर्कवर असेल तर डीएनएसमध्ये नोंद घालून सिद्ध करायची पद्धत वापरा, किंवा कंपनीचं स्वतःचं सीए (सर्टिफिकेट देणारी यंत्रणा) असेल तर त्याचं सर्टिफिकेट घ्या. कंपनीच्या सीएचं मूळ सर्टिफिकेट लॅपटॉपवर टाकलेलं असतं, पण जावा आणि पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीच्या विश्वासाच्या याद्या स्वतंत्र असतात. दुसरं एखादं अंतर्गत ॲप तुमच्या ॲपला कॉल करणार असेल तर तिथेही ते टाकावं लागेल.

एनजिनएक्सला पूर्ण साखळीची फाइल द्या, फक्त शेवटचं सर्टिफिकेट नको. मधलं सर्टिफिकेट नसलं तरी डेस्कटॉपवरचा ब्राउझर पुष्कळदा ते दुसरीकडून जमवून घेतो, मोबाइल आणि कर्ल मात्र बऱ्याचदा नाकारतात. 'माझ्याकडे तर चालतंय' हे वाक्य ऐकलं की साखळी तपासा.

नूतनीकरण आपोआप व्हायला हवं आणि झाल्यावर एनजिनएक्स रीलोड व्हायला हवा, नाहीतर नवीन फाइल डिस्कवर पडून राहते आणि मेमरीत जुनीच. सर्टबॉटच्या 'ड्राय रन'ने आजच खात्री करा. लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याचे ईमेल पाठवणं जून २०२५ मध्ये बंद केलं, तेव्हा मुदतीवर नजर ठेवणारी स्वतःची तपासणी लावा. सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत मार्च २०२९ पर्यंत टप्प्याटप्प्याने ४७ दिवसांवर यायची आहे. हाताने फाइल बदलायची पद्धत तुमच्याकडे अजून असेल तर ती याच बसवणुकीत सोडा.

आता जँगोच्या दोन सेटिंग्ज. प्रॉक्सीचं प्रोटो हेडर ओळखायची सेटिंग, आणि 'सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स' (ज्या पत्त्यांवरून आलेले फॉर्म स्वीकारायचे त्यांची यादी). दुसरीत जँगो ४.० पासून पत्ता एचटीटीपीएससकट लिहावा लागतो. पान दिसतं, पण लॉगिनचं बटण दाबलं की ४०३, अशी तक्रार आली तर आधी इथे बघा. एचएसटीएस सुरुवातीला थोड्या मिनिटांचं ठेवा. ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि एचटीटीपीएस बिघडलं तर त्याला विसरायला लावणं तुमच्या हातात नसतं.

पोर्ट उघडणं आणि त्यानंतर

फायरवॉलमध्ये ८० आणि ४४३ आता उघडा, आणि ॲप अंतर्गत असेल तर फक्त कंपनीच्या आयपी श्रेणीसाठी. मग दुसऱ्या यंत्रावरून, साध्या यूजरच्या खात्याने, खरं काम करून पाहा: लॉगिन, मोबाइलवरून फोटोसकट नोंद, ती नोंद बंद करणं, अहवाल. ईमेलसाठी जँगोची 'सेंडटेस्टईमेल' कमांड आहे. ईमेल पोहोचला का एवढंच नका पाहू, स्पॅममध्ये तर पडला नाही ना तेही पाहा.

यानंतर सर्व्हर रीबूट करा. हात न लावता ॲप परत उभं राहिलं पाहिजे. नव्या सर्व्हरचं रीबूट आज कुणालाच जाचत नाही, वापर सुरू झाल्यावर त्यासाठी रात्रीची वेळ मागावी लागते.

बॅकअपमध्ये तीन गोष्टी: पीजीडंपने (पोस्टग्रेसच्या बॅकअप कमांडने) घेतलेला डेटाबेस, फोटोंचं फोल्डर, आणि एन्व्हायर्न्मेंट फाइल. तिसरी हमखास राहते. तिन्ही दुसऱ्या यंत्रावर जायला हव्यात, आणि एन्व्हायर्न्मेंट फाइल तिथे एन्क्रिप्ट करूनच. डेटाबेस आधी आणि फोटो नंतर असा क्रम ठेवा, म्हणजे डेटाबेसमध्ये उल्लेख असलेला फोटो बॅकअपमध्ये नाही असं सहसा होत नाही. नजर ठेवणारी तपासणीही दुसऱ्या यंत्रावरून चालू द्या आणि तिला असं पान द्या जे डेटाबेसला हात लावतं. नुसतं स्टॅटिक पान डेटाबेस बंद असतानाही २०० देत राहतं.

आता ती टेक्स्ट फाइल. ती टीममधल्या अशा सहकाऱ्याला द्या ज्याने हे ॲप बसवताना पाहिलेलं नाही. त्याला एक रिकामं व्हर्च्युअल मशीन आणि कालचा बॅकअप द्या, आणि फक्त त्या फाइलवरून ॲप उभं करायला सांगा. शेजारी बसा, पण बोलू नका. तो जिथे थांबेल, जिथे तुमच्याकडे वळून बघेल, तिथली ओळ फाइलमध्ये घाला. त्याच्या मशीनवर कालच्या नोंदी फोटोंसकट दिसल्या की बॅकअपही तपासून झाला आणि फाइलही. ते मशीन पुसून टाका, त्यात खऱ्या नोंदींची प्रत आहे. फाइल टीमच्या रिपॉझिटरीत चढवा, मग ॲपचा पत्ता सगळ्यांना कळवा, आणि पहिला आठवडा रोज सकाळी जर्नलमध्ये ५०० एरर शोधा.